इतकं सगळं आधीच लिहिलेलं होतं तर यहुद्यांनी येशूला मशीहा म्हणून का नाही स्वीकारलं? संडेस्कूलच्या मुलाला काय सांगू?

संडेस्कूल_टीचर

सलाम सगळ्यांना. मी नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत संडेस्कूल घेते, दहा ते तेरा वयाची चौदा पोरं आहेत. नाताळ जवळ आला की दरवर्षी आम्ही भविष्यवाण्या घेतो, म्हणजे मीखा ५:२ बेथलेहेम, यशया ७:१४ कुमारी, यशया ९:६ बाळ, जखऱ्या ९:९ गाढवावर बसून येणारा राजा आणि शेवटी यशया ५३. मी तक्ता करते, एका बाजूला जुना करार, दुसऱ्या बाजूला नवा करार आणि मधे लाल स्केचपेननं बाण. मुलांना आवडतो, पाठ पण होतो.

या रविवारी एक पोरगा, अकरा वर्षांचा, एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारा, तो उठून म्हणाला टीचर एवढं सगळं आधीच लिहून ठेवलं होतं तर ज्यांच्याकडे ते पुस्तक होतं त्यांनाच कसं कळलं नाही? मी लहानपणी मला जे शिकवलं तेच सांगितलं, की त्यांची मनं कठीण झाली होती, गर्व होता. तर तो म्हणतो पण पेत्र, योहान, मरीया ही पण यहुदीच होती ना, मग त्यांची मनं कशी कठीण नाही झाली? आणि मग खाली बसता बसता हळूच, आपण तिथं असतो तर आपल्याला कळलं असतं का?

मी प्रार्थना घेऊन क्लास सोडून दिला. चार दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. एक कारण घरचं पण आहे. माझ्या पणजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावानं नाही स्वीकारला, शेवटपर्यंत नाही. पण पणजोबा आजारी पडले तेव्हा आमचं रान त्याच भावानं नांगरलं असं आजी सांगायची. त्याला कठीण मनाचा म्हणायला माझी जीभ नाही वळत. मग त्या लोकांना मी एका वाक्यात कशी म्हणते?

कुणी नीट सांगेल का? येत्या रविवारी मला त्या मुलासमोर उभं राहायचंय.

पिंपळाखालचे_गुरुजी

ताई, आधी त्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि मंडळीत बायबल क्लास पण घेतला, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला बऱ्याच उशिरा विचारला.

तुमचा तक्ता चुकीचा नाही पण तो उलटीकडून वाचलेला आहे हे मुलांना सांगा. बाण आपण काढले, वधस्तंभ आणि रिकामी कबर पाहिल्यावर. लूक २४ काढा, अम्माऊसच्या रस्त्यावरचे दोघं. ते तर आपलेच, येशूच्या मागे फिरलेले, आणि म्हणतात काय, की इस्राएलाची मुक्ती करणारा तोच अशी आमची आशा होती. होती! म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपलेला होता. त्यांना मोशेपासून सगळे संदेष्टे उलगडून सांगावे लागले, आणि तरी ओळखलं कधी, तर भाकर मोडली तेव्हा.

दुसरं म्हणजे त्या काळात लोक वाट कशाची बघत होते ते बघा. इ.स.पू. ६३ ला रोमी सेनापती पाँपी यरुशलेमात घुसला तेव्हापासून मानेवर रोमी जू. इ.स. ६ मध्ये रोमी लोकांनी करासाठी नावनोंदणी केली तेव्हा गालीलकर यहूदानं बंड केलं, त्याचं नाव प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये गमलियेल हा यहुदी शास्त्री घेतो. लोकांना दावीदाच्या गादीवर बसणारा राजा हवा होता आणि यात चूक काय, शास्त्रात तेच तर लिहिलेलं, यशया ९ पुढे वाचा की, दावीदाचं सिंहासन, त्याच्या राज्याला अंत नाही. आणि सगळ्यांची वाट एकसारखी पण नव्हती. मृत समुद्राजवळ कुमरानला १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या त्यात तर दोन अभिषिक्तांची वाट बघणारे लोक दिसतात, एक अहरोनाच्या घराण्यातला याजक आणि एक इस्राएलाचा. मशीहा म्हणजे अभिषिक्त, तेल ओतून नेमलेला, एवढाच मूळ अर्थ, पण तो येऊन नक्की काय करणार यावर एकमत नव्हतं.

आणि आता खरा मुद्दा, नाकारलं नाकारलं म्हणताना आपण योहान ६:१५ विसरतो. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला धरून जबरदस्तीनं राजा करणार होते. म्हणजे स्वीकारतच होते! तोच डोंगरावर निघून गेला. त्यांनी त्याला नाकारायच्या आधी त्यानं त्यांचा तसला स्वीकार नाकारला.

नासरेथचं सभास्थान पण घ्या, लूक ४. तो यशया ६१ वाचतो, दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांची सुटका, आणि वाक्य अर्ध्यात थांबवून पुस्तक गुंडाळतो. यशयात त्याच्या पुढचेच शब्द आहेत देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाबद्दल. ते त्यानं वाचलेच नाहीत. तरीसुद्धा लोक रागावले नाहीत बरं का, उलट वाहवा करत होते. बिनसलं कधी, तर त्यानं सांगितलं की दुष्काळात एलीयाला देवानं इस्राएलातल्या विधवेकडे नाही, सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे पाठवलं आणि बरा झाला तो कुष्ठरोगी पण नामान, सूरी माणूस. तेव्हा उठले आणि कड्यावरून ढकलायला घेऊन गेले. मशीहा नको होता असं नाही, मशीहा परक्यांचाही आहे हे नको होतं. हे मुलांना फार लवकर कळेल, त्यांच्या गल्लीत पण हेच चालतं.

एक शेवटचं. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्यानं बोट दाखवलं की हाच तो, तोच तुरुंगातून निरोप पाठवतो (मत्तय ११) की येणारा तो आपणच का आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? त्याला उत्तर जातं की आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता मिळते. नीट मोजा. नासरेथात वाचलेली धरून नेलेल्यांची सुटका या यादीत नाही, आणि विचारणारा तुरुंगात बसलाय. मला हे वचन वाचताना अजून गलबलतं. पुढचं एक वाक्य आहे की जो माझ्यासंबंधानं अडखळत नाही तो धन्य. म्हणजे अडखळणं साहजिक आहे हे त्यालाच माहीत होतं.

वचनसेवक

सगळं वाचलं. गुरुजींचा अभ्यास मोठा आहे पण मला भीती वाटते की समजावता समजावता आपण मुलांना असं शिकवू की स्वीकारलं काय आणि नाही काय, सारखंच. योहान १:११ स्पष्ट आहे, तो स्वकीयांकडे आला आणि स्वकीयांनी त्याला स्वीकारलं नाही, आणि लगेच पुढं आहे की जितक्यांनी स्वीकारलं त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला. यात फरक आहे ना? माझा स्वतःचा भाऊ दारूतून याच नावानं बाहेर आला, मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मला हे मऊ करून सांगता येत नाही. ताई, मुलाला सांगा की तेव्हा कळलं असतं का हे सोड, आज कळतंय ना, आज स्वीकार.

नवगावची_लेक

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, ठाण्याची, मूळ घराणं अलिबागकडचं. इथं लिहू की नको असा दोन दिवस विचार केला, पण टीचरताईंनी पणजोबांच्या भावाचं लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या घरी आम्ही नाकारलं हा शब्दच नाही. आमच्याकडे शब्द आहे वाट बघतोय. रांबाम म्हणून आमचे बाराव्या शतकातले मोठे शिक्षक होऊन गेले, त्यांच्या तेरा तत्त्वांतलं बारावं हेच, की मशियाख (तुम्ही मशीहा म्हणता तो) येणार, त्याला उशीर झाला तरी मी रोज त्याची वाट बघेन. माझे आजोबा हे हिब्रूत म्हणायचे आणि मग आम्हाला मराठीत सांगायचे. रांबामनी ओळखायची खूण पण दिलीय, यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधेल, विखुरलेल्यांना गोळा करेल, तो खरा. आणि जो हे न करता मारला गेला तो चांगला माणूस असेल पण वचन दिलेला तो नव्हे. यशया २ मध्ये तलवारींचे नांगराचे फाळ होतील लिहिलंय. आमचा माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि विचारतो, झाले का? तुम्ही म्हणता तो पुन्हा येईल तेव्हा होतील. आम्ही म्हणतो होतील तेव्हा समजू तो आला. एवढंच अंतर आहे, पण खूप मोठं आहे, मी ते छोटं करून नाही सांगणार.

वचनांचं म्हणाल तर यशया ७:१४ मध्ये हिब्रू शब्द अलमा आहे, म्हणजे तरुण मुलगी, कुमारीसाठी बेतुला हा वेगळा शब्द आहे. कुमारी हा अर्थ पक्का झाला तो ग्रीक भाषांतरात. आणि ५३ मधला दुःख सोसणारा सेवक आम्ही इस्राएल लोक म्हणून वाचतो, कारण त्याच पुस्तकात ४१:८ ला देव इस्राएलालाच माझा सेवक म्हणतो. तुम्ही वेगळं वाचता, ठीक आहे, पण आम्ही वाचलंच नाही असं नका सांगू मुलांना. आणि घाईनं स्वीकारून आमचे हात पोळलेत. इ.स. १३२ ला बार कोखबा रोमी सत्तेविरुद्ध उठला, रब्बी अकिवासारख्या माणसानं हाच मशियाख म्हटलं, १३५ पर्यंत रोमी सैन्यानं सगळं चिरडलं. १६६६ ला शब्बेताई झ्वी, अर्धं यहुदी जग त्याच्या नादी लागलं आणि सुलतानापुढे त्यानं धर्मच बदलला. म्हणून आमचे लोक मशियाख आला असं कुणी म्हटलं की आधी गप्प बसतात.

आता आपल्याकडची गोष्ट. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचले अशी आमची समजूत, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. पुस्तकं बुडाली, शमा ही प्रार्थना, शब्बाथ आणि सुंता राहिली. मग एकोणिसाव्या शतकात मुंबईला अमेरिकन मिशनरी आले, १८२९ ला स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले, त्यांनी आमच्या मुलांना शाळेत घेतलं, हिब्रू शिकवलं, विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. आमच्या लोकांनी मोशे आणि दावीद मराठीत वाचले ते मिशनऱ्यांच्या कृपेनं, हे आम्ही विसरत नाही. मिशनऱ्यांना वाटलं असणार की शास्त्र हातात आलं की हे येशूकडे येतील. झालं उलटं, शास्त्र हातात आल्यावर आमचे लोक जास्त पक्के यहुदी झाले, ख्रिस्ती फार थोडे झाले. १८८० पासून तर आमच्यात कीर्तनं सुरू झाली, मराठी कीर्तनं, अब्राहाम आणि योसेफाची. ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी भांडण नाही आणि त्यांचं म्हणणं मान्य पण नाही, असं पण होऊ शकतं हे त्या मुलाला नक्की सांगा.

आम्ही मलिदा करतो, पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबीच्या नावानं. तुमचा एलीया तो. मलाखीत आहे ना की त्या मोठ्या दिवसाआधी एलीया येईल. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या घोड्याच्या टापा आहेत असं आमचे लोक मानतात. म्हणजे वाट बघणं आमच्या ताटात पण आहे.

मांडवीकाठ

वरचं वाचून थांबलो थोडा वेळ. मी गोव्याचा, कॅथलिक. आमच्याकडची एक गोष्ट या विषयात यायलाच हवी.

पणजीत म्युनिसिपल गार्डनला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. पोर्तुगीज वैद्य, इथल्या औषधी वनस्पतींवर गोव्यात १५६३ ला पुस्तक छापलं. घराणं मूळचं यहुदी, जबरदस्तीनं ख्रिस्ती केलेलं. १५६० ला गोव्यात इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्मापासून ढळलेल्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. तो १५६८ ला वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं, आणि १५८० ला त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. तारणाऱ्याला नीट स्वीकारलं नाही म्हणून. जो स्वतः म्हणाला की तुम्हीही निघून जायला बघता का (योहान ६:६७, बारा जणांना विचारतो, दार उघडं ठेवून विचारतो) त्याच्या नावावर. लहानपणी मी त्या बागेत खेळलोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मुळाशी काय होतं, तर हेच, कठीण मनाचे, ओळखलं नाही, मारलं. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी अविश्वासी असा अर्थ निघणारा शब्द होता तो पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ ला काढला. २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या नोस्त्रा एताते या घोषणापत्रात स्पष्ट म्हटलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट टाकता येत नाही, आणि आजच्यांवर तर नाहीच. इतकी शतकं लागली. म्हणून ताई तुमच्या क्लासमधला तो एक वाक्याचा पाठ मला छोटा वाटत नाही.

वचनसेवकांना पण सांगतो, मी येशूला मानतो, मनापासून, तो एकच तारणारा हे माझं म्हणणं आहे. पण रोमकरांस ११ वाचा. पौल म्हणतो देवानं आपल्या लोकांना टाकलं का? मुळीच नाही. आणि आपल्याला काय म्हणतो, तर रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडाला लावली, म्हणून फांद्यांपुढे बढाई मारू नकोस, तू मुळाला उचलून धरत नाहीस, मूळ तुला उचलून धरतं. आमच्याकडे कलम करणारे गावठी खुंटावर मानकुराद आंबा बांधतात. पौल उलटं सांगतो, मानकुरादच्या झाडावर गावठी फांदी बांधली, आणि ती जगली. ती फांदी आपण.

केडगाव_लाइन

मला स्वीकारणं या शब्दावरच थोडं बोलायचंय, कारण सगळे असं बोलतायत जणू ते एका दिवसाचं काम आहे.

पंडिता रमाबाईंचं बघा. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुद्धा तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) पटत नाही, चर्च सांगेल ते सगळं डोळे मिटून मानणार नाही. आणि पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षं गेली. म्हणजे रजिस्टरमध्ये नाव स्वीकारणाऱ्यांत, आणि आतून ती बाई अजून शोधतेय. त्या आठ वर्षांत त्यांना कुठल्या बाजूला बसवणार? त्याच बाईनं मग केडगावात म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवले, छापलं. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, बायबल १९२४ ला बाहेर आलं. लक्ष्मीबाई टिळकांचं पण तसंच, नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरोबर नव्हत्या, विरोधात होत्या, काही वर्षांनी त्या आपल्या पायांनी आल्या. कुणी त्या मधल्या वर्षांत त्यांना कठीण मनाची म्हटलं असतं तर?

येशूचे भाऊ घ्या. योहान ७:५, त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. एका घरात वाढलेले, एका ताटात जेवलेले. त्यातला याकोब नंतर यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. तुमच्या त्या मुलाचा प्रश्न आहे ना आपल्याला कळलं असतं का, त्याचं खरं उत्तर मला तरी बहुतेक नाही असंच वाटतं. आणि वधस्तंभावर तर मुळीच नाही, कारण अनुवाद २१:२३ प्रत्येकाला पाठ होतं की झाडावर टांगलेला शापित. शास्त्र जितकं जास्त पाठ तितकं ते जड गेलं असणार.

संडेस्कूल_टीचर

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल क्लास झाला म्हणून सांगायला आले.

तक्ता नेला नाही. बाकं बाजूला सारली, सतरंजीवर बसवलं आणि म्हटलं हे नासरेथचं सभास्थान. लूक ४ वाचायला त्याच पोराला दिलं. वाचून झाल्यावर गुरुजींनी सांगितलं तसं थांबले आणि विचारलं की आत्तापर्यंत कुणाला राग आला? कुणालाच नाही. मग सारफथची विधवा आणि नामान सांगितला, पण त्यांच्या भाषेत सांगितला, म्हणजे वरच्या आळीतल्यांशी यांचं क्रिकेटवरून भांडण आहे, म्हटलं समजा येशू म्हणाला मी आधी त्यांच्याकडे जेवायला जाणार. एकदम आरडाओरडा. एक मुलगी म्हणाली टीचर आम्ही ढकललं नसतं पण बोललो नसतो त्याच्याशी.

मग मी त्यांच्यासमोर कबूल केलं की मागच्या रविवारी मी जे उत्तर दिलं ते बरोबर नव्हतं. येशूच्या मरणानंतर काही आठवड्यांनी, पहिल्या पेन्टेकॉस्टच्या सणाला, तीन हजार लोक विश्वासात आले तेही यहुदीच होते हे फळ्यावर लिहिलं. नवगावच्या ताईंचं वाट बघतोय ते जसंच्या तसं सांगितलं, खडकावरच्या टापांचं पण, तेव्हा तर सगळ्यांना अलिबागला जायचं होतं. वचनसेवक दादा, तुमचं पण सांगितलं, भावाचं, नाव न घेता. मुलं एकदम शांत ऐकत होती. मी येशूला स्वीकारलंय आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही हे त्यांना म्हटलं, आणि पणजोबांच्या भावाची गोष्ट पण पहिल्यांदाच क्लासमध्ये सांगितली.

शेवटी योहानाचा तुरुंगातला निरोप घेतला. घंटा झाली, बाकीची पळाली, तो पोरगा थांबला. म्हणाला, टीचर, तो निरोप घेऊन ते शिष्य परत गेले, मग योहानाला पटलं का? मी मत्तय ११ पुढं वाचलं, मग १४ उघडलं, तिथं तर हेरोदानं त्याचं शिर कापून थाळीत घालून आणलंय. मधे काही नाही. मी म्हटलं बाळा, ते लिहिलेलं नाही. त्यानं माझ्या हातातून बायबल घेतलं आणि लूक ७ मध्ये आहे का ते बघत बसला.